बोरिंगचं पाणी अन् पांढरे थर: उन्हाळा लागायच्या आधी काय काय सोडवता येईल?

मानेवाडा_माई
आमच्या नागपूरच्या सोसायटीत वापरायला बोरिंगचं पाणी आहे, कॉर्पोरेशनचा नळ सकाळी तासभर येतो, तो पिण्यापुरता. प्रश्न बरेच आहेत, एकाच धाग्यात टाकते.
कूलरचे हनीकॉम्ब पॅड एकाच मोसमात पापडासारखे कडक झालेत, हवा येत नाही. नळांची धार बारीक झाली. तूर डाळ पाच शिट्ट्या देऊनही वरणात दाणा दाणा राहते. कपड्यांना साबण लागत नाही, दुप्पट पावडर जाते. कुकर आतून काळा, स्टीलवर पांढरे डाग.
सॉफ्टनर मशीन बसवायचं नाही. दुकानातल्या महागड्या बाटल्याही नकोत. किराण्यात मिळणाऱ्या वस्तूंत भागेल असं सांगा, प्रमाणासकट.

रसायनभाऊ
माई, हे पाच प्रश्न नाहीत, एकच आहे. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. पाणी उडून गेलं किंवा तापलं की ते पांढरा थर होऊन बसतं. साबणाशी जुळलं की फेसाऐवजी चिकट साका होतो. डाळीतल्या पेक्टिनशी (पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा पदार्थ) जुळलं की डाळ शिजत नाही.

भारतीय मानकात (आयएस १०५००) एकूण कठीणपणाची (म्हणजे याच कॅल्शियम-मॅग्नेशियमची) स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. नागपुरात बोरिंगचं पाणी वस्तीगणिक बदलतं, कारण शहराच्या पश्चिमेला काळा बेसॉल्ट आहे आणि पूर्वेला जुना ग्नाइस. त्यामुळे शेजारच्या ले-आउटमधल्या माणसाचा अनुभव तुम्हाला लागू पडेलच असं नाही. नळाचं पाणी पेंच आणि कन्हानचं, म्हणजे नदी-धरणाचं. ते बहुतेक वेळा बोरिंगपेक्षा मऊ असतं.

आधी दोन फुकटच्या चाचण्या करा. एक, पारदर्शक बाटली एक तृतीयांश भरा, अंगाच्या साबणाचा चिमूटभर कीस टाका (डिटर्जंट नको, त्याला खाऱ्या पाण्यातही फेस येतो) आणि जोरात हलवा. शेजारी आरओच्या पाण्याची तशीच बाटली ठेवा. फेस टिकला नाही आणि पाणी दुधाळ झालं तर पाणी जड. दोन, स्टीलच्या पातेल्यात दहा मिनिटं खळखळ उकळून थंड करा. तळाला पांढरी भुकटी बसली तर कठीणपणाचा मोठा भाग उकळून जाणारा आहे. काहीच बसलं नाही आणि फेसही येत नाही, तर तो सल्फेट-क्लोराइडचा, तो उकळून जात नाही.

टीडीएसच्या पेनावर विसंबू नका. तो सगळेच क्षार मोजतो, मीठसुद्धा. कठीणपणा वेगळा कळत नाही.

तर्रीपोहे
तुरटी फिरवून चालेल का? घरात पडून आहे.

रसायनभाऊ
नाही. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, विरघळलेला चुना नाही.

कूलरवाला_इतवारी
ताई, पॅड फेकू नका अजून, पन आधी तोलून पाहा. कडक उन्हात दोन दिवस वाळवाचं अन् वजन कराचं. तसाच नवा पॅड दुकानात हातात घेऊन पाहा. जुना अर्धा-पाऊण किलो जड असन तर धुवाले परवडते. किलो-दीड किलो जड असन तर नवाच घ्या, धुन्यात पैसे घालू नका.

धुवाची रीत अशी. प्लास्टिकचा मोठा टब, लोखंडी नाई. दहा लिटर कोमट पानी, त्यात निंबूसत, म्हंजे सायट्रिक ॲसिड, अर्धा किलो. इतवारीत किराण्याच्या ठोक दुकानात सुटं भेटते. पॅड आडवा बुडवून अर्धा तास ठेवा, मंग उलटा करून अर्धा तास. फेस येते, थे चुना विरघळून रायला. बाहेर काढून मऊ ब्रशनं नाल्यांच्या दिशेनंच घासा, आडवं घासलं तर कागद फाटते. प्रेशरच्या पाइपनं मारू नका. साध्या पान्यानं दोनदा धुवून सावलीत वाळवा.

लोखंडी टाकीत हे पानी ओतू नका बाप्पा. ॲसिड जस्ताचा मुलामा खाऊन टाकते, पुढच्या वर्षी टाकी गळते. टाकीतला थर लाकडी पट्टीनं खरडा, कोरडी करा अन् आतून डांबराचा हात मारा.

रसायनभाऊ
प्रमाणाला जोड देतो. १०० ग्रॅम चुन्याचा थर पुरता विरघळायला साधारण १३० ते १४० ग्रॅम सायट्रिक लागतं. म्हणून ते वजन करणं महत्त्वाचं. अर्ध्या किलो थराला ६५० ते ७०० ग्रॅम जाईल, एकदम सगळं न टाकता दोन वेळा करा.

पाणी कोमटच ठेवा. उकळत्या पाण्यात घट्ट द्रावण केलं तर कॅल्शियम सायट्रेट म्हणून पांढरा साका परत खाली बसतो आणि वाटतं काही निघालंच नाही.

व्हिनेगरची तुलना करायची तर ४-५ टक्क्यांचं लिटरभर व्हिनेगर फार तर ३५-४० ग्रॅम थर काढतं. नळाच्या जाळीला ठीक, पॅडला वाया.

प्रतापनगर_२२
व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा टाकून धुतात, खूप फेस येतो. ते जास्त प्रभावी ना?

रसायनभाऊ
उलट. सोडा आणि आम्ल एकमेकांना मारून टाकतात, उरतं जवळपास खारट पाणी. फेस दिसतो तो वाया गेलेल्या आम्लाचा.

आणि एक गोष्ट ठळक लिहितो: सायट्रिक, व्हिनेगर किंवा संडासचं ॲसिड कधीही ब्लीचिंग पावडरसोबत किंवा ब्लीचच्या लिक्विडसोबत एकत्र करू नका. क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. आज एक, उद्या दुसरं, मध्ये भरपूर पाणी.

मानेवाडा_माई
म्हणजे धुतलं तरी पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच?

कूलरवाला_इतवारी
हाओ, वापराची सवय नाई बदलली तर तेच. हिशेब पाहा. मोठा कूलर भर मे मध्ये तासाले दहा-पंधरा लिटर पानी पेते. पंधरा धरले अन् दहा तास चालवला तर दीडशे लिटर. पान्यात कठीणपना ५०० असन तर दिवसाले ७५ ग्रॅम चुना आला. वाफ उडून जाते, चुना तिथंच. महिन्याले सव्वादोन किलो! थो पॅडवर बसन नाई तर जाईन कुठं?

म्हनून टाकीतलं उरलेलं पानी रोज सकाळी सोडून द्याचं. लोक काय करतात, वरून भरत रायतात, अन् खालचं पानी दिवसेंदिवस घट्ट होत जाते. पंधरा-वीस लिटर सोडलं तर निम्मा त्रास गेला. नाल्यात नका सोडू, संडासाच्या टाकीत टाका, नाई तर अंगन धुवा. कुंड्याइले नको, माती पांढरी पडते.

दुसरं, चालू करताना आधी पंप, पाच-सात मिनिटांनी पंखा. वाळलेला क्षार धुतला जाते, अन् सुरुवातीची गरम धूळ घरात येत नाई.

तिसरं, पॅडवर कोरडे पट्टे दिसले तर वरच्या पन्हळीची भोकं बुजली. दाभन घालून मोकळी करा. कोरड्या पट्ट्यातून गरम हवा थेट आत येते, अन् थर पट्ट्याच्या काठावर सगळ्यात जास्त बसते. मिस्त्री पंप बदला म्हनते, पन नव्वद टक्के वेळा भोकंच असतात. पंप खरंच पानी उचलत नसन तर प्लग काढून, खालची जाळी उघडून पंख्यात अडकलेले केस अन् चुना काढा. पान्याखाली पंप थोडा तिरपा केला की आत अडकलेली हवा बाहेर येते.

पंखा नुसता गुणगुणते, हातानं ढकलला तर फिरते, म्हंजे कंडेन्सर गेला. मोटर जळाली नाई. जुन्यावर लिहिलेल्या मायक्रोफॅरडच्या आकड्याचाच नवा आना. हातानं ढकलून पाहाचं थे प्लग काढून, बोटं जातात. कंडेन्सर बदलाचा थोही प्लग काढून, अन् जुन्याची दोन टोकं आधी लाकडी मुठीच्या पेचकसानं जोडून घ्या.

प्रतापनगर_२२
पाणी वाचवायचं म्हणून आरओचं टाकाऊ पाणी कूलरला वापरलं तर? बादली भरून जातं रोज.

प्लंबिंग_प्रेमी
चुकूनही नको. आरओचं टाकाऊ म्हणजे सगळा क्षार त्यातच.

रसायनभाऊ
जरा थांबा, हे सरसकट खरं नाही. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर टाकाऊ जात असेल तर ते मूळ पाण्याच्या साधारण १.३ पट खारं होतं. एकास एक असेल तर दुप्पट. आता तुमचं आरओ कोणत्या पाण्यावर चालतं ते पाहा. बोरिंगवर असेल तर प्लंबिंग_प्रेमी बरोबर आहेत. पण नळाच्या पाण्यावर असेल आणि त्याचा कठीणपणा, समजा, १५० असेल, तर टाकाऊ होईल २०० च्या आसपास. बोरिंगच्या ५०० पेक्षा ते कितीतरी बरं! माईंच्या घरी पिण्याचं नळाचं आहे, म्हणजे त्यांनी ते कूलरलाच वापरावं.

प्लंबिंग_प्रेमी
मान्य. हा विचार केला नव्हता.

नळांचं मी सांगतो. धार बारीक झाली की आधी तोंडाची जाळी काढा. हाताने फिरत नसेल तर फडकं गुंडाळून पान्याने (स्पॅनरने), नाहीतर क्रोमवर ओरखडे. कपात व्हिनेगर घेऊन अर्धा तास बुडवा, जुन्या टूथब्रशने उलट बाजूने घासा. रबर वॉशर वेगळा काढून ठेवा, परत बसवताना तो विसरला तर गळतं आणि लोक नळालाच दोष देतात. शॉवर काढायची गरज नाही: प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर, शॉवरचं तोंड आत, रबर बँड, एक तास. पितळेवर सोनेरी मुलामा असेल तर दहा मिनिटांच्या वर नको.

ओट्याची काळजी घ्या. कडप्पा, कोटा, संगमरवर ही तिन्ही चुन्याच्याच जातीची. लिंबू-व्हिनेगर पडलं की चकाकी जाते आणि तो डाग नव्हे, दगडच खाल्लेला असतो, पॉलिशशिवाय जात नाही. ग्रॅनाइटला चालतं. तुमचा काळा ओटा कडप्पा की ग्रॅनाइट हे कळत नसेल तर कोपऱ्यात व्हिनेगरचा एक थेंब टाकून पाहा. बारीक बुडबुडे आले किंवा जागा फिकी पडली तर कडप्पा.

गिझरचं थोडक्यात: थर्मोस्टॅट ५०-५५ वर ठेवा, जितकं जास्त तापमान तितका जास्त थर. मॅग्नेशियमचा रॉड (टाकीऐवजी स्वतः गंजणारा) दर हिवाळ्याआधी काढून पाहा, बोटाएवढा उरला नसेल तर बदला. रॉड स्वस्त, टाकी महाग. नागपुरात गिझर चारेक महिनेच लागतो, उरलेले महिने भरलेला नुसता ठेवू नका.

महालच्या_काकू
डाळीचं कोणी बोललंच नाही अजून.

तूर डाळ धुवायला बोरिंगचं चालेल, पण भिजवायला आणि शिजवायला नळाचं किंवा आरओचंच घ्या. निम्मा प्रश्न इथेच सुटतो. एक वाटी डाळ, तीन वाट्या पाणी, अर्धा तास भिजत. भिजवलेल्या पाण्यातच अर्धा चमचा तेल आणि हळद. टोमॅटो, चिंच, आमसूल हे सगळं डाळ शिजल्यावर. आंबटाने डाळ अडते, हे जड पाण्यापेक्षाही जास्त घडतं आणि दोष मात्र डाळीवर जातो. पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, मग बारीक गॅसवर आठ-दहा मिनिटं, मग बंद करून वाफ आपोआप जिरू द्या. शिट्ट्या मोजण्यात गॅस जळतो. एक शिट्टी झाली म्हणजे आत दाब तयार झाला, त्यापुढची प्रत्येक शिट्टी म्हणजे बाहेर टाकलेली वाफ.

एवढं करूनही दाणा राहिला तर डाळ जुनी आहे. उन्हाळ्यात पत्र्याच्या डब्यात, गरम खोलीत साठवलेली डाळ कडक होत जाते, ती कोणत्याच पाण्याने पूर्ण मऊ होत नाही. तिचं वरण न करता भरडून वडे करा, नाहीतर गोळाभाताला घ्या.

तर्रीपोहे
काकू, आणि तर्रीच्या चण्यांचं? रात्रभर भिजवूनही खडे राहतात. सोडा टाकला तर साल सुटून तर्री पिठूळ.

महालच्या_काकू
चणे भिजवताना मीठ घाला, लिटर पाण्याला दोन लहान चमचे. सकाळी ते पाणी फेकून ताज्या पाण्यात शिजवा. मिठाने कडधान्य कडक होतं हा समज भिजवण्यापुरता तरी उलटा आहे.

रसायनभाऊ
बरोबर. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं, म्हणून साल मऊ पडते पण सुटत नाही. सोड्याने पेक्टिनच विरघळतं, म्हणून लगदा, शिवाय बी-१ जीवनसत्त्व जातं. अगदीच घालायचा तर वाटीभर चण्यांना चिमूटभर, त्याहून नाही.

महालच्या_काकू
कुकर काळा पडतो तो ॲल्युमिनियमचा असेल. डब्यांखालच्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची साल टाका, नाहीतर चिंचेचं बुटूक. काळं होत नाही. आधीच झालेलं काढायला कुकरात काळ्या रेषेच्या वर पाणी, दोन सालं, दहा मिनिटं उकळायचं. रात्रभर आंबट भिजत मात्र ठेवू नका, भोकं पडतात.

माठाचंही तेच पांढरं प्रकरण आहे. पाझरताना क्षार बाहेरच्या छिद्रांत बसतात आणि माठ गार करायचं थांबवतो. आठवड्यातून एकदा रिकामा करून बाहेरून नारळाच्या शेंडीने, जाड मिठाने घासा. साबण नको, तो मुरतो आणि मग पाण्याला वास. रंगवलेला, चकचकीत माठ घेऊच नका, छिद्रं रंगानेच बुजलेली असतात. खाली ओली वाळू, वारा लागेल अशी जागा, भोवती ओलं तरट.

प्रतापनगर_२२
कपड्यांसाठी?

रसायनभाऊ
धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. खाण्याचा नव्हे. कठीणपणा ५०० असेल तर २० लिटरच्या बादलीला १० ते ११ ग्रॅम कोरडी पूड, म्हणजे सपाट दोन लहान चमचे. खड्यांच्या रूपात मिळाला तर त्यात पाणी धरलेलं असतं, तो पावणेतीन पट घ्यावा लागतो. आधी सोडा, ढवळून दहा मिनिटं थांबा, पाणी किंचित गढूळ दिसेल, मग पावडर. पावडर निम्म्यावर आणून पाहा. लोकर आणि रेशमाला नको, हातांनाही झोंबतो. शेवटचं खळबळणं नळाच्या पाण्यात जमलं तर पांढऱ्या कपड्यांना राखाडी झाक येत नाही.

डोक्याला रिठे. रिठ्याचा फेस चुन्याने फाटत नाही. आठ-दहा रिठे बिया काढून रात्रभर भिजवा, सकाळी कुस्करून गाळा. डोळ्यांत जाऊ देऊ नका, खूप चुरचुरतं.

कूलरवाला_इतवारी
एक रायलंच. लोखंडी कूलरले थ्री-पिन प्लग अन् खरं अर्थिंग पायजेच. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या शॉकनं माणसं जातात. पानी भरताना प्लग काढाचा, नुसतं बटन बंद करून भागत नाई. मेन बोर्डात ३० मिलिॲम्पियरचं आरसीसीबी, म्हंजे करंट गळला की वीज तोडनारं बटन, बसवून घ्या.

अन् आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. डेंग्यूच्या डासाले अंड्यापासून डास व्हाले आठ-दहा दिवस लागतात. नुसतं पानी बदलून होत नाई, अंडी टाकीच्या भिंतीले चिकटून रायतात अन् कोरडी असूनही महिनोन्‌महिने जगतात. घासून काढा.

मानेवाडा_माई
सगळ्यांना धन्यवाद. पॅड वाळवून तोलला, नव्यापेक्षा सहाशे ग्रॅम जड निघाला. अर्धा किलो सायट्रिकमध्ये तासभर बुडवला. फेस थांबला, पण काही ठिकाणी अजून कडक लागतो. दुसऱ्यांदा करू का?

रसायनभाऊ
हिशेबाने सहाशे ग्रॅमला ७८० ते ८४० ग्रॅम सायट्रिक लागतं, म्हणजे पहिलं द्रावण संपलेलं असणार. खात्री करायची तर त्याच पाण्यात जुन्या थराचा एक खपला टाका. बुडबुडे आले नाहीत तर आम्ल संपलंय, ते पाणी फेकून ताज्या दहा लिटरला तीनशे-साडेतीनशे ग्रॅमचं नवं करा. पण खपल्यातून बुडबुडे येतात आणि पॅडच्या कडक जागी मात्र येत नाहीत, तर तिथे उरलेला थर चुन्याचा नाही, जिप्सम किंवा वाळू-मातीचा आहे. तो कोणत्याच घरगुती आम्लाने जाणार नाही. पॅड पूर्ण वाळल्यावर ती जागा बोटांनी हळू मोडून पाहा, खपली सुटली तर सुटली. नाहीतर पॅड उलटा लावा, कडक भाग खाली येईल असा. पाणी वरून येतं, खाली ते सगळीकडे पसरलेलं असतं, त्यामुळे तिथे फरक कमी पडतो.